वरच्या हवेतली भरती

अक्षांश मिळाले आणि रेखांश बुडाले. झालं एवढंच, पण तेवढ्याने आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"किनारा, किनारा! बोटीत पाणी शिरतंय. इंजिनाच्या खोलीत गुडघ्याच्या वर आलंय, पंप बंद पडलाय, आम्ही पाच जण आहोत. अक्षांश घ्या..." पोराचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. आत्याने आकडा लिहिला, परत वाचून दाखवला. "बरोबर," तो म्हणाला. "आता रेखांश..." आणि तिथेच आवाज लांब लांब जाऊ लागला. तोंड हलतंय पण शब्द पोचत नाहीत असं झालं, आणि मग हेडफोनमध्ये नुसती खरखर उरली.

ज्यांना या आकड्यांशी देणंघेणं नाही त्यांना सांगतो. अक्षांश म्हणजे नकाशावरची आडवी रेघ. बोट त्या रेघेवर कुठेतरी आहे, एवढंच त्यातून कळतं. नेमकी कुठे, ते रेखांश सांगतो. म्हणजे अमुक रस्त्यावर राहतो पण घर कुठलं ते माहीत नाही, असा तो पत्ता झाला. आणि हा रस्ता शेकडो मैल लांबीचा, तोही पाण्यावरचा. त्याच्यावर कुठल्या तरी ठिकाणी पाच माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती आणि त्यातला एक आत्याने लहानाचा मोठा केलेला होता.

आत्या म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या रेडिओखोलीतली बाई. साठीला टेकलेली, बुटकी, आवाजाने खणखणीत. इतकी वर्षं डोक्यावर हेडफोन चढवून तिच्या केसांत कायमची एक खाच पडली होती. खोली सोसायटीच्या माडीवर, खाली बर्फाचं गोदाम, त्यामुळे लादी बाराही महिने गार. म्हणून ती जाड मोजे घालून बसायची आणि कोणी हसलं तर त्याला तिथल्या तिथे सुनवायची. एक टेबल, एक रेडिओसेट, एक फोन, भिंतीवर मोठं गोल घड्याळ आणि खिडकीतून दिसणारा एरियलचा खांब. तिचा संसार तो एवढाच.

लग्न तिने केलं नाही. भावाची बायको लवकर गेली, मग भाऊही आजारपणात गेला, आणि मागे राहिला नऊ वर्षांचा मुलगा आणि एक बोट. बोट भावाने शेडमध्ये स्वतःच्या हाताने, एकेक फळी घासून बांधली होती. आत्या आपली पेटी घेऊन भावाच्या घरी राहायला आली ती आलीच. पोरगा सोळाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्रावर गेला. दुसऱ्याच दिवशी सगळा ताफा ऐकत असताना रेडिओवर ओरडला, "आत्या, मी स्वेटर विसरलो!" झालं. तेव्हापासून ती सगळ्या ताफ्याची आत्या झाली. तिच्याहून दहा-दहा वर्षांनी मोठे, पांढऱ्या दाढ्यांचे बापे तिला आत्या म्हणतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

तिने ताफ्याला एक शिस्त लावली होती. लांबच्या बोटींशी बोलायला दोन चॅनेल होते, एक वरचा आणि एक खालचा. आवाज हरवला की माणसं बावचळतात. ही इथे हाका मारते, तो तिथे शोधतो, मग ही तिथे जाते तोवर तो इथे आलेला असतो. दोघं शहाणे आणि दोघांची चुकामूक. म्हणून आत्याचा नियम असा, की आवाज हरवला की डोकं चालवायचं नाही, घड्याळ बघायचं. तासाचा पहिला पाव भाग वरच्या चॅनेलवर, दुसरा खालच्या, तिसरा परत वरच्या, चौथा खालच्या. समुद्रात काय किंवा किनाऱ्यावर काय, घड्याळ तेच. बोटवाले चेष्टेने म्हणायचे, आत्याचं घड्याळ आपल्या बायकोपेक्षा कडक आहे. पण पाळायचे सगळे.

सगळे म्हणजे एक सोडून. घरचाच!

मागच्या वर्षी पोराने उपग्रहावरून बोलणारा फोन घेतला. तेव्हा ते फोन नवे नवे आले होते, आणि नवी वस्तू हातात आली की या पोराची मान ताठ होते, ती लहानपणापासूनच. सोसायटीच्या बैठकीत, भरल्या खोलीत तो म्हणाला, "आत्या, तुझं ते घड्याळ म्हाताऱ्यांना ठेव. माझा आवाज गेला तर मी आपला वरच्या चॅनेलवर बसून राहीन. ज्याला शोधायचं असेल तो येईल तिथे." कोणीतरी फिसकन हसलं. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस मग," ती म्हणाली, "बुडेपर्यंत बस!" बोलून गेली आणि जीभ चावली, पण शब्द सुटला तो सुटलाच. पोरगा दुसऱ्या दिवशी सामान उचलून बंदराजवळच्या खोलीत राहायला गेला. तेव्हापासून रेडिओवर तो तिला आत्या म्हणत नसे. 'किनारा' म्हणायचा. तीही त्याला बोटीच्या नंबराने हाक मारायची. एवढी मोठी माणसं, पण वागणं असं, की बघणाऱ्याला दोघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटावी.

आणि आता तो महागडा फोन पाण्यात भिजून गप्प झाला होता आणि जुना रेडिओ तेवढा चालू होता.

आत्याने बचाव केंद्राला फोन लावून अक्षांश सांगितला. तिथला अधिकारी मोजकं बोलणारा होता. "विमान सोडतोय, बाई. त्यात पंप आहे, बोटीजवळ पाण्यात टाकला की तरंगतो. त्यांनी तो ओढून घेऊन चालू केला की बोट वाचेल. पण टाकू कुठे?"

"रेखांश मिळवते."

"लवकर मिळवा. अंधार पडायच्या आत विमानाला परत फिरावं लागेल. सबंध रेघ धुंडाळायला इंधन पुरणार नाही."

घड्याळाचा मोठा काटा पाव तास ओलांडून गेला होता. म्हणजे आता खालचा चॅनेल. आत्याने सेट खालच्या चॅनेलवर आणला आणि हाका मारायला लागली. हाक मारायची, बटण सोडायचं, ऐकायचं. परत हाक, परत ऐकायचं. खरखर, खरखर, आणि मधूनच एक 'टिर्रर्र'.

त्या टिर्ररने तिचं डोकंच फिरलं. हेडफोन मानेवर ओढून ती कॉरिडॉरकडे तोंड करून ओरडली, "ए लाटावाली! बंद कर तो तुझा किडा!"

लाटावाली म्हणजे मागच्या खोलीतली संशोधक मुलगी. वरच्या हवेचा अभ्यास करायला तिने सोसायटीची ती खोली भाड्याने घेतली होती. तिचं यंत्र दर थोड्या वेळाने आकाशात रेडिओचे ठोके सोडायचं आणि ते किती उंचावरून आपटून परत येतात ते मोजायचं. ते ठोके आत्याच्या कानात टिरटिरायचे, आणि त्यावरून दोघींची आठवड्यातून एकदा तरी जुंपायचीच. सकाळीच ती मुलगी दारात येऊन सांगून गेली होती, "आत्या, आज वर भरती आहे हं. आवाज गडबड करतील." आत्याने नेहमीप्रमाणे 'बरं बरं' करून तिला घालवलं होतं.

आता मुलगी धावत आली. "बंद करते. पण आत्या, ते बंद केलं तर छत कुठे आहे ते कळणार नाही."

"कसलं छत?"

मुलीने दोन वाक्यांत सांगितलं, कारण वेळ तेवढाच होता. आपला आवाज लांबच्या बोटीपर्यंत सरळ जात नाही, वर जातो आणि वरच्या हवेच्या एका थराला आपटून खाली येतो. तो थर म्हणजे छत. काल सूर्यावर मोठा उद्रेक झाला. त्याने ध्रुवाकडची फार उंचावरची हवा तापली, आणि तिथून प्रचंड लाटा निघाल्या. समुद्रावर उठतात तशाच, पण पाण्याच्या नव्हे, हवेच्या, आणि एकेक लाट हजार मैलांहून लांब. खाली वाऱ्याची झुळूकही नाही, आणि वर एकामागून एक लाटा चालल्या आहेत. तंबूच्या कापडाखाली वारा शिरला की ते फुगतं ना, तसं छत फुगतं आणि परत बसतं. एक लाट जायला तासाच्या आसपास वेळ लागतो.

"छत वर गेलं, की वरच्या चॅनेलचा आवाज त्यातून आरपार निघून जातो. मग खालचाच लागतो," मुलगी म्हणाली. "छत खाली आलं की वरचा परत उघडतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता चढतंय."

"तुझ्या त्या डब्यात माणसाचा आवाज नाही का येत? म्हणजे दोघी दोन चॅनेलवर बसू."

"नाही हो. त्याला त्याचे स्वतःचे ठोकेच ऐकू येतात."

आत्याने कपाळावर हात मारला. पण त्या क्षणापासून दोघींचं भांडण संपलं. ठरलं असं, की पाव तास संपेल तेव्हा मुलीने फक्त एकदा ठोके सोडायचे, छत मोजायचं आणि धावत येऊन सांगायचं. बाकी वेळ किडा बंद.

खालच्या चॅनेलचा तो पाव तास सरला. पोराचा आवाज नाही. छत वर, खालचा चॅनेल चालू असायला हवा, आणि तरी आवाज नाही. आत्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली. तो इथे नाहीच. तो वरच बसलाय.

मग वरच्या चॅनेलची पाळी आली. मुलगी येऊन म्हणाली, छत अजून उंच आहे, वरचा आरपार जातोय. तरी आत्या घड्याळाप्रमाणे वरच्यावर गेली आणि हाका मारत राहिली. ऐकू येणार नाही हे माहीत असून हाक मारायची म्हणजे काय असतं ते तिलाच ठाऊक. बाकीचा ताफा दुसऱ्या बाजूच्या जवळच्या पाण्यात होता, त्यांच्याकडे नुसते लहान सेट. मदतीला कोणाला हाक मारावी तर कोणी नाही. फोन वाजला. विमान रेघेवर पोचलं होतं आणि आता कुठल्या बाजूला वळायचं ते विचारत होतं.

"जरा थांबा," आत्या म्हणाली.

"विमान थांबत नसतं, बाई," अधिकारी म्हणाला. तो रागाने बोलला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

पाव तास संपला. मुलगी यावेळी कागद हातात घेऊनच आली. "आत्या, लाट वळली! छत खाली यायला लागलंय. आता अशी वेळ आहे की दोन्ही चॅनेल चालतील. खालचा अजून बंद झालेला नाही, वरचा नुकता उघडतोय. दोन्हीकडे आवाज पुसट येईल, पण येईल."

"पण मी एकाच ठिकाणी बसू शकते."

"हो."

घड्याळ म्हणत होतं, खालचा. नियम तिचाच होता, तिनेच अख्ख्या ताफ्याच्या डोक्यात ठोकून बसवलेला. दुसऱ्या कोणाची बोट असती तर तिने क्षणभर विचार केला नसता. पण ही त्याची बोट होती. तिला तो दिसत होता, सुकाणूजवळ उभा, जबडा आवळलेला. लहानपणी औषध घ्यायला सांगितलं की ओठ मिटून बसायचा तो. पोहायला जाऊ नको म्हटलं की अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारायचा. दार लाव म्हटलं तर उघडं टाकायचा. अख्ख्या आयुष्यात या पोराने आपलं एक तरी ऐकलं आहे का? भरल्या खोलीत सांगितलं होतं त्याने, मी वरच बसून राहीन. आणि खालच्या चॅनेलवर मघाशी पाव तास आपण कान लावून बसलो तेव्हा होता का तो तिथे? नव्हता.

"तो नाही पाळणार घड्याळ," आत्या म्हणाली. "मी ओळखते त्याला."

आणि तिने सेट वरच्या चॅनेलवरच ठेवला.

मुलीने कागदाची घडी घातली. ती लाटा ओळखत होती, पोराला नाही.

वरचा चॅनेल खरंच उघडत होता. मधून मधून लांबच्या कुठल्या तरी जहाजाच्या बोलण्याचे तुकडे तरंगत यायचे आणि जायचे. प्रत्येक तुकड्याला आत्याचा जीव वर-खाली व्हायचा. "बोट, बोट, किनारा बोलतोय, रेखांश द्या, रेखांश द्या." तिने आवाज चढवला. ओरडून आवाज लांब जात नाही हे तिनेच शंभर जणांना शिकवलेलं, पण जीव टांगणीला लागला की शिकवलेलं कोणाला आठवतं? मोज्यांतले पाय लादीवर ताठ झाले होते. येईल, आत्ता येईल, असं म्हणता म्हणता काटा पुढे सरकत होता.

पाव तास संपत आला तेव्हा हेडफोनमध्ये इतक्या जोरात आवाज फुटला की तिने दचकून कान झाकले.

"आत्या! अगं आत्या, तू इथे काय करतेस?"

हा भोंगा. ताफ्यातला सगळ्यात म्हातारा बोटवाला, हा बोलला की सेटची गरज नाही असं लोक म्हणायचे. तोही आज कोणाला न सांगता एकटाच लांब गेला होता, आणि दुपारची झोप काढून त्याने आत्ताच सेट लावला होता.

"पोराला शोधतेय! तुला ऐकू आला का?"

"अगं, तो खाली आहे! खालच्या चॅनेलवर! सेट लावल्यापासून त्याच्याच हाका ऐकतोय. मला फार पुसट येतोय, आकडे काही लागत नाहीत. पण हाक कळते. तो म्हणतोय, आत्या घड्याळाप्रमाणे खाली असेल. परत परत तेच. मला वाटलं तू त्याच्याशी बोलतेयस! पण तुझा आवाज येईना म्हणून इथे बघायला आलो. आणि तू इथे वर? घड्याळ बंद पडलं का तुझं?"

माइकचं बटण तिच्या बोटाखाली दाबलेलं राहिलं आणि त्यातून नुसता तिचा श्वास भोंग्याच्या बोटीपर्यंत गेला. तो पाळत होता. पाच माणसांचे प्राण हातात असताना, सगळ्या शहाणपणाला बाजूला सारून, तो तिचं ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ती तिथे नव्हती.

"आत्या!" मुलीने तिचा खांदा हलवला. "काटा बघा! आता वरची पाळी आहे. तो घड्याळाप्रमाणे चाललाय ना? मग तो आता वर येणार! आणि छत उतरलंय, वरचा पूर्ण उघडलाय!"

तिने भोंग्याला गप्प बसायला सांगितलं. भोंगा गप्प बसला, हेही आयुष्यात पहिल्यांदाच. खोलीत घड्याळाची टकटक आणि खरखर. मग खरखरीच्या आतून काहीतरी उमललं. आधी नुसता सूर, मग शब्दाचं टोक, मग शब्द.

"...त्या. आत्या, आत्या. ऐकतेस का? आत्या."

"ऐकतेय रे! बोल! रेखांश बोल!"

त्याने आकडे सांगितले, एकेक करून, आणि ती एकेक करून परत बोलत गेली. तिसऱ्या आकड्यावर आवाज डगमगला, तिने परत विचारलं, त्याने परत सांगितला. मागे पाण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी ओरडत होतं. "बरोबर," तो म्हणाला. "लवकर पाठव गं. कमरेपर्यंत आलंय."

मुलीने फोन आधीच लावून धरला होता. आत्याने आकडे सांगितले, अधिकाऱ्याने विमानाला सांगितले. विमान रेघेच्या चुकीच्या टोकाला गेलं होतं. ते वळलं.

मग पोराशी बोलणं झालं ते थोडंच. ती त्याला विमान किती लांब आहे ते सांगत राहिली. तो 'हं' म्हणत राहिला. एकदा तो म्हणाला, "बोट कलतेय, आत्या. रबरी तराफा सोडतो," आणि त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. यावेळी छत जागेवर होतं. वर कुठेही लाट आडवी आलेली नव्हती.

आत्या हेडफोन लावून तशीच बसली. मुलीने तिचा हात धरला होता आणि तिने तो धरू दिला. फोन वाजला तेव्हा दोघींपैकी कोणाला उचलवेना. शेवटी मुलीने उचलला.

"पाचही जण तराफ्यावर आहेत," अधिकारी म्हणाला. "विमान घिरट्या घालतंय, वाटेवरचं मालवाहू जहाज वळवलंय, ते उचलेल. बोट मात्र गेली. पंप टाकायला पोचलो तेव्हा फक्त टोक वर होतं. थोडं आधी कळलं असतं तर... पण असो. वरच्या हवेने घोळ घातला म्हणे आज. सगळीकडच्या रेडिओवाल्यांची तीच तक्रार आहे. तुमचा इलाज नव्हता, बाई."

आत्या टेबलावर डोकं टेकून रडली. पाचही जण जिवंत म्हणून रडली, आणि आणखीही एका गोष्टीसाठी, जी त्या खोलीत दोघींनाच माहीत होती. मुलीने फोन जागेवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "आत्या, लाटेमुळेच झालं म्हणा. माझ्या कागदावर बघाल तर तेच दिसतं. दोन्ही चॅनेल पुसटच होते. कोणी विचारणार नाही." पोरीने मनापासून सांगितलं होतं, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. हजार मैल लांबीची लाट, दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्यावर फुटलं म्हणून ती काही बोलायला येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा माडीवर आला. जहाजावर कोणीतरी दिलेला ढगळ डगला अंगात, ओठ मिठाने फुटलेले. कामावर कोण आहे, कोण बघतंय याची पर्वा न करता आत्याने त्याला घट्ट धरलं, आणि तो नऊ वर्षांचा असताना उभा राहायचा तसा हात लोंबते सोडून उभा राहिला. मग भिंतीला टेकून गार लादीवरच बसला. तिने खुर्ची दिली ती त्याने घेतली नाही.

"इंजिन बघणाऱ्या मिस्त्रीच्या पायाला लागलंय, बाकी सगळे ठीक," तो म्हणाला. "सुरुवातीला बॅटरी भिजायला लागली होती. ती वर छपरावर चढवून जोडेपर्यंत सेट बंद ठेवावा लागला. म्हणून पहिल्या खालच्या पाळीला मी नव्हतो. पण नंतर घड्याळ सोडलं नाही, आत्या. बोटीवर हा म्हणत होता वर बस, तो म्हणत होता वर बस, बैठकीत तूच तर म्हणाला होतास. मी म्हटलं, नाही, आत्या खाली असेल. पाव तास हाका मारल्या. भोंगाकाकांनी सांगितलं, त्यांना येत होता म्हणे माझा आवाज. तुला कसा आला नाही? ती वरची लाट, ना? अधिकारी सांगत होता."

तो खालीच बघत बोलत होता. "दहा मिनिटं, आत्या. दहा मिनिटं आधी पंप मिळाला असता ना, तर बाबांची बोट राहिली असती."

मागच्या खोलीच्या दारात मुलगी येऊन थबकली होती. तिने आत्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

आत्या खुर्चीवरून उठली. गुडघे कुरकुरले तशी ती भिंतीला हात लावून त्याच्यासमोर लादीवर बसली.

"लाट नव्हती रे," ती म्हणाली. "आवाज आला असता. मी खाली नव्हते. मी वर बसले होते."

त्याला कळलं नाही. "पण घड्याळ तर खालचं होतं."

"हो. माझंच घड्याळ. पण मला वाटलं, तू काही माझं ऐकणार नाहीस. वरच बसला असशील हट्टाने. म्हणून मी नियम मोडला आणि तुला शोधायला वर बसले."

खाली गोदामात कोणीतरी बर्फाची लादी ओढत होतं, त्याचा आवाज येत होता. तो चिडेल, उठून जाईल, वाट्टेल ते बोलेल, सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. तो यातलं काहीच करत नव्हता.

"मला वाटायचं," तो शेवटी म्हणाला, "की तू तरी मला ओळखतेस."

"मलाही तसंच वाटायचं रे," आत्या म्हणाली.

त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही, आणि धरलाही नाही.